तळघरातली बिअर ‘कोमट’ नसते

प्रति,
माननीय संपादक यांस,

विषय: रविवार पुरवणीतील इंग्लंडच्या प्रवासवर्णनाविषयी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या प्रवासवर्णनात तेथील खेड्यांतल्या पबांची बोळवण दोनच वाक्यांत केलेली आहे. तेथे मिळणारी बिअर ‘कोमट आणि पाणचट’ असते, जेवणाला चव नसते आणि म्हणून मोजके दिवस हाताशी असलेल्या प्रवाशाने तिकडे फिरकू नये, असा त्या वाक्यांचा आशय आहे. लेखाचा उरलेला भाग मला आवडला. मात्र या दोन वाक्यांवर विसंबून आपले वाचक एका चांगल्या अनुभवाला मुकतील, असे वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. मी सांगली जिल्ह्यातील एका दूध संघात गुणवत्ता तपासणीच्या कामावरून निवृत्त झालो असून, मुलगी रेडिंगला नोकरी करत असल्याने गेल्या काही वर्षांत तीन उन्हाळे तिच्याकडे काढले आहेत. मद्याचा मी जाणकार नाही. नासणाऱ्या मालाशी मात्र माझा जन्मभर संबंध आला आणि लेखात ज्या बिअरची हेटाळणी झाली आहे ती, दुधासारखाच, नासणारा माल आहे.

आधी तपमानाचे पाहू. पिंपात मुरवलेली ही बिअर, जिला इंग्लंडमध्ये ‘रिअल एल’ म्हणतात, ती 11 ते 13 अंश सेल्सिअसला द्यावी असा तेथील दंडक आहे. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा 12 अंशांवर उतरला की आपण कपाटातून कानटोप्या बाहेर काढतो. तोच आकडा पेल्यात आला की त्याला कोमट म्हणतो. आपल्याकडची बिअर बर्फाच्या पेटीतून थेट टेबलावर येते आणि इतक्या गारठ्यात जिभेला चवीतला फरक फारसा कळत नाही. हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा, भाजलेल्या मॉल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूची, बिस्किटासारखी गोडसर चव आणि यीस्टमुळे येणारा फळासारखा वास हे सारे कळावे यासाठीच ती तळघराच्या गारव्यात ठेवलेली असते. मद्यार्काचे प्रमाण म्हणाल तर ‘बिटर’ या नावाने मिळणाऱ्या नेहमीच्या प्रकारात ते साडेतीन ते साडेचार टक्के असते. आठ टक्क्यांच्या आसपासच्या ‘स्ट्राँग’ बाटलीची सवय असलेल्याला ती पाणचट वाटली तर नवल नाही, परंतु तो दोष बिअरचा नव्हे.

या बिअरला ‘रिअल’ हे विशेषण कशासाठी लावतात, हेही लेखात सांगितले असते तर बरे झाले असते. कारखान्यातून पिंप निघते तेव्हा त्यातील यीस्ट जिवंत असते, म्हणजे विरजण लावून झाकलेले भांडे घरी पाठवावे तसा हा प्रकार आहे. आंबण्याची शेवटची पायरी पबच्या तळघरात, त्याच पिंपात पार पडते. पिंप लाकडी घोडीवर आडवे ठेवतात, त्याच्या पोटावरच्या बुचात मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात, तिच्यातून जादा वायू हळूहळू निघून जातो, आणि तो पुरेसा गेला की त्या जागी कठीण लाकडाची खुंटी बसवतात. यीस्टचा गाळ तळाशी बसायला साधारण एक-दोन दिवस लागतात. मग तोटी लावून नळी जोडली की वरच्या मजल्यावरचा माणूस हातपंपाचा दांडा ओढून बिअर वर उपसतो. (असा पंप काही आजचा नव्हे, जोसेफ ब्रामा या इंग्रज यंत्रज्ञाने त्याचे पेटंट 1797 मध्ये घेतले होते.) ही बिअर वर ढकलण्यासाठी बाहेरून कार्बन डायऑक्साइड सोडत नाहीत आणि म्हणूनच ती सोड्यासारखी फसफसत नाही. फेस बेताचाच असणे हे ती शिळी असल्याचे लक्षण मानणे म्हणजे ताकाला सोडावॉटरचा निकष लावणे होय.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोठ्या ब्रूअऱ्यांना, म्हणजे बिअरच्या कारखान्यांना, हा सारा खटाटोप परवडेनासा झाला. गाळलेली, पाश्चरीकरण केलेली आणि वायूच्या दाबाने नळातून येणारी ‘केग’ बिअर टिकते, वाहून नेणे सोपे जाते आणि तळघर सांभाळायला जाणता माणूस लागत नाही. ती सर्वत्र पसरू लागली तेव्हा 1971 मध्ये चार इंग्रज तरुणांनी, सहलीसाठी आयर्लंडमध्ये गेलेले असताना, एक ग्राहक संघटना काढली. ‘कामरा’ (‘कॅम्पेन फॉर रिअल एल’) या नावाने ती आज ओळखली जाते आणि ‘रिअल एल’ हा शब्दप्रयोगही तिनेच रूढ केला. पाश्चरीकरणात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला या लोकांची बाजू घेताना थोडे अवघडल्यासारखे होते, हे कबूल करतो. दुधाच्या बाबतीत मी तसे कधीही करणार नाही.

आता त्या लेखकाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, कारण मला स्वतःला पहिल्या उन्हाळ्यात जी बिअर मिळाली ती खरोखरच वाईट होती. एका हमरस्त्यालगतच्या, बसगाड्या थांबतात अशा मोठ्या पबात हारीने आठ हातपंप पाहून मी भारावलो आणि हाती आले ते जवळजवळ व्हिनेगर. त्यामागचे कारण नंतर उमगले. पिंपाला तोटी लागली की उपसलेल्या बिअरच्या जागी हवा आत शिरते आणि तिसऱ्या दिवसानंतर चव उतरू लागते. ‘फर्किन’ नावाचे जे नेहमीचे पिंप असते त्यात नऊ गॅलन, म्हणजे 72 पाइंट (पाइंट म्हणजे तेथला मोठा पेला) बिअर मावते. तळाचा गाळ सोडला तरी रोज वीसेक पाइंट खपल्याशिवाय ते वेळेत रिकामे होत नाही, आणि आठ प्रकार ठेवायचे तर रोज दीडशेहून अधिक. एवढे गिऱ्हाईक ज्याच्याकडे नसते तो आंबट पिंपाचा शेवटचा पेलाही विकतो. संकलन केंद्रात दूध साचून राहिले की काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही बेरीज वेगळी समजावून द्यावी लागत नाही. म्हणून माझा अनुभव असा की, हातपंप किती आहेत हे पाहून पब निवडू नये. तीन-चारच पंप असलेला, पण गावातली माणसे बसलेली असतात असा पब निवडावा. पेला आंबट निघाला तर तसे सौम्य शब्दांत सांगावे. बहुतेक ठिकाणी वाद न घालता तो बदलून देतात. मी त्या दिवशी संकोचाने सांगितले नाही आणि अर्धा पेला तसाच टाकून उठलो, यात माझीही चूक होती.

चांगल्या पबाचे उदाहरण म्हणून बर्कशायरमधील ऑल्डवर्थ या खेड्यातल्या ‘बेल इन’चे नाव मी देईन. रेडिंगहून ऑक्सफर्डच्या दिशेने जाणाऱ्या थांबत्या गाडीने गोरिंग अँड स्ट्रीटली स्थानकावर उतरावे, पुलावरून टेम्स ओलांडावी आणि खडूच्या टेकड्या चढत साधारण पाच किलोमीटर चालावे, की हे गाव येते. दोनशेहून अधिक वर्षे हा पब एकाच घराण्याकडे आहे. ‘कामरा’ने 1990 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये त्याला देशातील सर्वोत्तम पबचा मान दिला, तरी आत गेल्यावर त्याची कोणतीही मिजास जाणवत नाही. येथे बारचा लांबलचक ओटाच नाही. भिंतीत काचेची तावदाने असलेली एक खिडकी आहे आणि एसटीच्या आरक्षण खिडकीपाशी उभे राहावे तसे तिच्यापाशी उभे राहून मागणी सांगायची. फरक एवढाच की पलीकडचा माणूस हसून बोलतो. लाकडी बाके, शेगडी, एकच काटा असलेले जुने घड्याळ. पडद्यावरचे सामने नाहीत, गाणी नाहीत, त्यामुळे माणसे एकमेकांशी बोलतात, आणि अनोळखी माणसाशी बोलण्यात इंग्रज कंजूष असतो हा आपला समज तासाभरात गळून पडतो. मी शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याशी गाईंच्या कासदाहावर पाऊण तास बोलत बसलो होतो. मुलीला त्याची लाज वाटली असावी.

जेवणाविषयीचे विधान तर सरसकट चुकीचे आहे. ‘बेल’मध्ये गरम, कडक सालीच्या पावात चीज किंवा हॅम भरून देतात, सोबत सूप, आणि एवढ्यावरच मुख्य भिस्त असते, परंतु टेकडी चढून आलेल्या माणसाला ते पुरते आणि एका पेल्याबरोबर नेमके जुळते. इतर पबांत ‘प्लाउमन्स लंच’ मिळते: चेडर चीजचा जाड तुकडा, पाव, लोणी, व्हिनेगरमधला कांदा आणि आंबटगोड लोणचे. नावामुळे हे नांगऱ्याचे पुरातन भोजन वाटते. पाव-चीजचा जोड जुनाच आहे, मात्र या नावाने ते घरोघरी पोहोचवले ते दुसऱ्या महायुद्धानंतर चीजचा खप वाढवू पाहणाऱ्या दूध व्यवसायातील संस्थांनी, हे वाचल्यावर माझ्यातल्या दूध संघवाल्याला विशेष आनंद झाला. रविवारी दुपारी भाजलेले मांस, बटाटे, भाज्या आणि यॉर्कशायर पुडिंग असे भरगच्च ताट असते आणि त्यासाठी आधी जागा राखून ठेवावी लागते.

आपल्याकडच्या प्रवाशांनी काही बाबतींत विचारपूस अवश्य करावी. ‘स्टेक अँड एल पाय’ यात गोमांस असते, बटाट्याच्या चिप्स काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, आणि मांस भरून वाफवलेल्या तिखटमिठाच्या पुडिंगच्या आवरणातही ‘सूएट’ नावाची चरबी असू शकते. शुद्ध शाकाहारी वाचकांसाठी आणखी एक माहिती अशी की, पिंपातला गाळ लवकर खाली बसावा म्हणून बऱ्याच ब्रूअऱ्या ‘आयसिंग्लास’ घालतात आणि ते माशाच्या वाताशयापासून बनते. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या पोटातली जी पिशवी मोठ्या भावाने विकली जाते, त्याच जातीचा हा पदार्थ आहे. तो पेल्यात जवळजवळ उतरत नाही, तरी ज्यांचा नेम कडक आहे त्यांनी ‘अनफाइन्ड’ बिअर मागावी. ती थोडी गढूळ दिसते, पण आता अनेक ठिकाणी मिळते. माझ्या पत्नीने हे ऐकल्यापासून पेला बाजूला ठेवला आणि सफरचंदाच्या रसावर समाधान मानले.

रीतिभाती थोड्याच आहेत. टेबलाशी येऊन कोणी मागणी विचारत नाही. मी पहिल्या दिवशी उडपी हॉटेलात बसावे तसा वीस मिनिटे वाट पाहत बसलो होतो. आपण उठून बारपाशी जायचे आणि बहुधा तेथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नसली तरी ती असते आणि कोणाच्या आधी कोण आले हे सर्वांच्या ध्यानात असते. पूर्ण पाइंट 568 मिलिलिटरचा असल्याने नवख्याने अर्धा घ्यावा. घेण्याआधी घोटभर चव मागितली तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. आणि मोटार चालवत जाऊ नये. चालकाच्या रक्तातील मद्यार्काची इंग्लंडमधली कायद्याची मर्यादा आपल्यापेक्षा सैल आहे, पण अंधारातल्या अरुंद, कुंपणांनी झाकलेल्या रस्त्यांवर त्या सवलतीची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

यातल्या एका गोष्टीकडे आपल्या वाचकांचे लक्ष मी मुद्दाम वेधू इच्छितो. तीन दिवसांत संपणारी बिअर ठेवायची तर रोज येणारी माणसे लागतात, आणि ज्या खेड्यात दुकान, टपाल कचेरी, बस एकेक करून गेली तेथे संध्याकाळी माणसे एकत्र येण्याची जागा म्हणून उरतो तो पब. अनेक गावांतले पब बंद पडले आहेत. काही गावांनी मात्र वर्गणी काढून ते विकत घेतले. कम्ब्रिया परगण्यातील हेस्केट न्यूमार्केट येथील ‘ओल्ड क्राउन’ हा पब 2003 मध्ये गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर घेतला आणि तेथील ब्रूअरीही सहकारीच आहे. सहकाराच्या मुलखातून लंडनला जाणाऱ्या आपल्या सहली मेणाचे पुतळे पाहायला अर्धा दिवस देतात. भागधारक म्हणून आपलाच पेला विकत घेणारे शेतकरी कोणालाच दाखवावेसे वाटत नाहीत, याचे मला आश्चर्य वाटते.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे की, पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहून येईल तेव्हा ‘जाऊ नये’ याऐवजी कोठे, केव्हा आणि कसे जावे हे छापावे. दुपारचे स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी अडीचच्या सुमारास बंद होते, कित्येक जुने पब त्यानंतर संध्याकाळपर्यंत दारही लावून घेतात आणि खेड्यातले पुष्कळ पब सोमवारी उघडतच नाहीत. पाच किलोमीटर चढून गेल्यावर बंद दारापुढे उभे राहण्याचा अनुभव मी एकदा घेतला आहे. त्या दिवशी पत्नीने डब्यात दशम्या घेतल्या होत्या म्हणून निभावले.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दूध संघ कर्मचारी, सांगली