सॅलचं उत्तर

प्रिय अजय,

'डॉग डे आफ्टरनून' (१९७५) लावशील तेव्हा सुरुवातीला मोबाइल बाजूला ठेव. दरोडा तेवढ्यातच बोंबलतो, आणि तो कसा बोंबलतो हे बघण्यासारखं आहे.

ब्रुकलिनच्या बँकेत तिघं शिरतात. एकाचा धीर लगेच सुटतो. गाडी नेऊ नकोस, हे त्याला बजावावं लागतं! रोकड आधीच उचलून नेलेली, उरलेत जेमतेम अकराशे डॉलर. मग सनी, म्हणजे अल पचिनो, माग राहू नये म्हणून ट्रॅव्हलर्स चेकचं रजिस्टर कचऱ्याच्या डब्यात जाळतो, आणि त्याच धुरामुळे समोरचा माणूस चौकशीला येतो. थोड्याच वेळात फोन वाजतो: पोलीस. पुढचे दीड-पावणेदोन तास कथानकापेक्षा नटांचे.

दिग्दर्शक सिडनी ल्युमेटनं रस्त्यालगतच्या गोदामात बँक उभी केली, म्हणून पचिनो आतून थेट गर्दीत येतो, मध्ये कट लागत नाही. त्याचे लागोपाठचे दोन फोन मात्र मुश्कील होते. दोन्ही मिळून पंधराएक मिनिटं, आणि कॅमेऱ्यात फिल्म हजार फूट, म्हणजे अकरा मिनिटांची. ल्युमेटनं दोन कॅमेरे शेजारी लावले. पहिल्याची रीळ संपत आली की दुसरा चालू. टेक उत्तम झाला, तरी लगेच दुसरा घेतला. पचिनो पार गळून गेला होता, आणि सनीही त्या क्षणी तसाच हवा होता.

आता जॉन कझाल, म्हणजे सनीचा साथीदार सॅल. चित्रपट ज्यावर बेतलाय तो खरा दरोडा १९७२चा, त्यातला सॅल अठरा वर्षांचा. कझाल चाळिशीला टेकलेला. तरी पचिनोनं त्याचाच आग्रह धरला. कुठल्या देशात पळायचं, असं सनी विचारतो तेव्हा सॅल म्हणतो, 'वायोमिंग', म्हणजे अमेरिकेतलंच एक राज्य. हे उत्तर पटकथेत नव्हतं. विनोद करतोय असं तो चेहऱ्यावर येऊ देत नाही, म्हणून हसू येतं आणि पोटात गोळाही येतो.

कझालचे मोठे चित्रपट फक्त पाच, पाचही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकित. त्याला स्वतःला एकही नामांकन नाही! मार्च १९७८मध्ये कर्करोगानं गेला. पाचवा, 'द डिअर हंटर', त्यानंतर प्रदर्शित झाला. उलट ख्रिस सॅरंडनला इथल्या छोट्याशा भूमिकेवर नामांकन मिळालं. एफबीआयच्या गाडीतला गप्प माणूस ओळखतोस का बघ: लान्स हेन्रिक्सन, 'एलियन्स'मधला बिशप.

सुरुवातीच्या गाण्यानंतर पार्श्वसंगीत नाही, म्हणून आवाज मोठा ठेव.

तुझा,
विनय