तान्ह्या मुलाला काहीच आठवत नसते काय?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील बालसंगोपनावरच्या लेखात ‘तीन वर्षांपर्यंत मुलाच्या काहीच लक्षात राहत नाही, म्हणून त्याला कोठे व कोणाकडे ठेवले याने फारसे बिघडत नाही’ असे विधान आहे. खानापूर तालुक्यात २७ वर्षे अंगणवाडी सांभाळून निवृत्त झालेल्या माझ्यासारखीला ते पटणे शक्य नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांतले मोठेपणी आठवत नाही हे खरेच, परंतु तेवढ्यावरून त्या वयात स्मरणच नसते असे ठरत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोवी-कॉलियर (१९४२–२०१४) यांनी रटगर्स विद्यापीठात आपली हयात याच प्रश्नावर घालवली, आणि त्याची सुरुवात मात्र त्यांच्या घरातच झाली होती. प्रबंधाचे लिखाण चालू असताना पोटदुखीने रडणारा त्यांचा तान्हा मुलगा पाळण्यावरचे खेळणे कोणीतरी हलवत राहिले तरच गप्प राही. लिहायला हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी रिबिनीचे एक टोक बाळाच्या घोट्याला आणि दुसरे त्या खेळण्याला बांधले. पाय झाडला की खेळणे हलते, हे बाळाने थोड्याच वेळात हेरले. बाईंच्या जागी दुसरे कोणी असते, तर मूल रमले एवढ्यावर समाधान मानून कामाला लागले असते.

पुढे हीच युक्ती त्यांची कसोटी झाली. आधी रिबीन खेळण्याला न जोडता बाळ किती वेळा पाय झाडते ते मोजायचे, मग जोडून शिकू द्यायचे, आणि काही दिवसांनी तेच खेळणे, रिबीन न जोडता, पुन्हा दाखवायचे. पाहताक्षणी बाळ पहिल्यापेक्षा जास्त वेळा पाय झाडू लागले, तर त्याला आठवते. बोलता न येणाऱ्या साक्षीदाराची जबानी अशी घेतली गेली. दोन महिन्यांच्या बाळाला एक-दोन दिवस, तीन महिन्यांच्याला सुमारे आठवडाभर आणि सहा महिन्यांच्याला दोन आठवडे आठवण राहते, असे त्यातून दिसले. विसरलेले मूलही, परीक्षेच्या आदल्या दिवशी ते खेळणे नुसते हलताना दाखवले, तर पुन्हा पाय झाडू लागे. हा निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. सहा महिन्यांच्या बाळाच्या पाळण्याभोवतीचे नक्षीचे कापड बदलले, तर दुसऱ्याच दिवशी तेच खेळणे पाहूनही त्याला काही आठवेना. एवढ्या लहान वयातली आठवण भोवतालच्या कापडालाही चिकटलेली असते, असा याचा अर्थ. आपल्या भागात पहिले बाळंतपण माहेरी होते आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात लेक बाळाला घेऊन सासरी जाते. त्या दिवशी बाळाचे घर, पाळणा, वाकळ, वास, सगळे एकदम बदलते. माझी नात निपाणीला गेल्यावर चार रात्री रडली, तेव्हा मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली गेली. इकडे आमच्या तुळईला तिचे चिमणाळे, म्हणजे पाळण्यावर टांगायचे चिमण्यांचे खेळणे, तसेच लोंबकळत होते. ते आणि माझ्या जुन्या लुगड्याची वाकळ मी पाठवून दिली, आणि विहीणबाईंनीही ‘खुळ्यागत काय हे’ न म्हणता पाळण्यावर टांगले. रडे त्यानेच थांबले असा दावा मी करणार नाही. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, आणि दृष्टीचे श्रेय घेणारेही घरात आहेतच.

लेखकाने पुढील लेखात ही बाजू अवश्य मांडावी, आणि ‘त्याला काय कळतंय’ म्हणून मूल आज या घरी, उद्या त्या घरी ठेवणाऱ्या पालकांना निदान त्याची वाकळ तरी बरोबर द्यायला सांगावे, एवढी विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
खानापूर, जि. बेळगाव