सोलापूरला मुखवटेवाला नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला, घरच्या घरी पोशाख शिवून गुंडांना धडा शिकवायला निघालेल्या सामान्य माणसांच्या सिनेमांवरचा लेख वाचला. लेखकाने हे सिनेमे आवडीने पाहिले आहेत हे जागोजागी कळते, आणि लिहिलेही चांगले आहे. पण शेवटी 'भावेश जोशी सुपरहिरो' या पाणीचोरीवरच्या सिनेमाचा धागा पकडून, सोलापूरच्या पाण्याचे दुखणे मिटवायलाही असाच एखादा मुखवटेवाला निघायला हवा, असे जे सुचवले आहे, ते वाचून डोके तडकले. रात्री झोप लागली नाही म्हणून हे पत्र.

पाण्याबद्दलचा राग मला मान्य आहे. उजनी धरणाची क्षमता 117 टीएमसी (अब्ज घनफूट), आणि आमच्या बायका नळाच्या आवाजाकडे कान लावून रात्र काढतात. धरण उशाला आणि कोरड घशाला हे आम्ही आयुष्यभर भोगले. पण त्यावर उपाय म्हणून तोंड झाकून न्याय करणारा माणूस सुचवायचा, आणि तोही या जिल्ह्यातल्या वाचकांना? 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या रैनपाड्याला पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारे समजून मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी, आणि बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली होती. तुमचा पेपर मंगळवेढ्यातही जातो. तिथल्या त्या घरांत कालची पुरवणी कोणी उघडली असेल, तर त्याला काय वाटले असेल?

रैनपाड्यात कोणी मुखवटा घातला नव्हता, हे मला कोणी सांगायला नको. पण पोलीस नको, चौकशी नको, मला दिसतोय तो गुन्हेगार आणि माझ्या हातात आहे तो न्याय, ही खुमखुमी तीच. ती मी घरात पाहिली आहे.

माझा भाचा तेव्हा चादरी-टॉवेलची फेरी करायचा. मोटारसायकलवर मागे गठ्ठा, त्यावर ताडपत्री, आणि मराठवाड्यातली खेडी. माल उधारीवर द्यायचा आणि पुढच्या फेरीला हप्ता घ्यायचा. त्याच पावसाळ्यात एका फाट्यावर सात-आठ पोरांनी त्याला अडवले. कोणाच्या तोंडाला रुमाल, कोणाच्या डोक्यावर हेल्मेट, एकाच्या हातात क्रिकेटचा स्टंप. मुले पळवणारी टोळी आली आहे असा मेसेज मोबाइलवर फिरत होता आणि ही पोरे स्वतःच गावाचे रखवालदार होऊन उभी होती. भाच्याने आधार कार्ड दाखवले, कारखान्याचे बिलबुक दाखवले, त्या गावात ज्यांच्याकडे उधारी होती त्यांची नावे घेतली. कोणी ऐकले नाही. गठ्ठ्याची सुतळी कापली आणि एकेक चादर उलगडून, झटकून, चिखलात टाकली. मी यंत्रमाग कारखान्यात मेहताजी, म्हणजे हिशेबनीस होतो. सोलापुरी चादर भिजली की किती जड होते ते मला ठाऊक आहे. घडी मोडलेला, चिखल लागलेला कोरा माल कोणी घेत नाही हेही ठाऊक आहे. भाचा एकेक चादर उचलून पिळत होता आणि मागून स्टंपचे फटके बसत होते.

गावचे पोलीस पाटील धावत आले म्हणून तो वाचला. त्यांनी मुलीच्या लग्नात आहेराचे टॉवेल त्याच्याकडूनच घेतले होते, म्हणून ओळखले. ते त्या दिवशी परगावी असते तर मी हे पत्र वेगळ्या शब्दांत लिहिले असते.

एक पोरगा सगळा वेळ मोबाइल धरून शूटिंग करत होता. त्या व्हिडिओत भाच्याचा चेहरा स्वच्छ दिसतो. त्या पोरांपैकी एकाचाही दिसत नाही. मुले पळवणारा पकडला, असे खाली लिहून तो व्हिडिओ फिरत फिरत आमच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर आला आणि माझ्या बहिणीने तो पाहिला. एका वेळी पाचच जणांना मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा व्हॉट्सॲपने भारतात त्यानंतर, जुलै 2018 मध्ये जाहीर केली. आमच्या घरापुरती वेळ निघून गेली होती. भाच्याने फेरी सोडली. खेड्यापाड्यांतली उधारी बुडाली, कारण वसुलीला जायची छातीच उरली नाही. आज तो दुसऱ्याच्या दुकानात पगारावर आहे. अनोळखी गावाला लग्नाला जायचे म्हटले तरी बायकोला पुढे करतो.

आता सिनेमांबद्दल. लेखकाने त्यांच्यावरही अन्याय केला आहे असे माझे मत आहे. जेम्स गनच्या 'सुपर'मधला स्वयंपाकी पाइपचा पाना घेऊन फिरतो आणि सिनेमाच्या रांगेत मध्येच घुसलेल्या माणसाचे डोके फोडतो, तिथेच त्याच्याबरोबरच्या बाईलाही मारतो. हा प्रसंग तुमच्या लेखात गंमत म्हणून आला आहे. मुलाच्या लॅपटॉपवर मी तो पाहिला तेव्हा मला स्टंप आठवला. रांग मोडली याची शिक्षा डोके फोडणे? दिग्दर्शक प्रेक्षकाला हेच विचारतो आहे, आणि लेखकाने तो प्रश्नच गाळला. 'किक-ॲस'मधल्या शाळकरी पोराला पहिल्याच फेरीत पोटात चाकू बसतो आणि वर गाडीची धडक. 'डिफेंडॉर'मध्ये वुडी हॅरेलसनने केलेला आर्थर हा रस्त्याच्या कामावरचा भोळा मजूर. गोट्या आणि बरणीत भरलेल्या गांधीलमाश्या घेऊन तो गुंडांवर जातो, आणि त्याचे पुढे काय होते ते लेखात नाही. जीव जातो त्याचा. 2009-10 च्या आसपास आलेले हे तिन्ही सिनेमे तोंड झाकून निघालेल्या माणसाची किंमत दाखवतात. विक्रमादित्य मोटवाने यांचा 'भावेश जोशी'सुद्धा तेच दाखवतो. ही मुले सुरुवातीला डोक्यावर कागदी पिशव्या चढवून लोकांना जाब विचारतात. पाणीचोरांच्या मागे लागल्यावर भावेशला ठार मारतात. आणि त्या सिनेमातून आमच्या पाण्यावरचा उपाय निघतो?

मालेगावचा तर लेखात उल्लेखही नाही. मराठीतला श्रेयस तळपदेचा 'बाजी' राहिला ते एक वेळ चालेल, पण यंत्रमागाच्या गावात छापलेल्या पेपराने यंत्रमागाच्याच गावातला सुपरमॅन विसरावा? नासिर शेख यांच्या 'मालेगाव का सुपरमॅन'मध्ये सुपरमॅन झालेला शफीक हा मागावर काम करणारा काटकुळा कामगार. फैजा अहमद खान यांनी त्यावर 2008 मध्ये माहितीपट केला. 2025 मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला. पैसा नाही, सामान नाही, अंगात ताकद नाही, तरी उडायचेच. आमच्या कारखान्यातली रात्रपाळीची पोरे मालेगावचे सिनेमे एका मोबाइलभोवती गोळा होऊन बघायची, आणि मागांच्या खडखडाटात संवाद ऐकू येत नसले तरी हसायची. शफीक पुढे कर्करोगाने गेला. घरगुती सुपरहिरो म्हणून कोणाचे कौतुक करायचे तर या माणसाचे करा. त्याने पोशाख घातला तो लोकांना हसवायला.

आणि पाण्यासाठी कोणी काय केले ते छापायचे असेल तर आमच्या गल्लीत या. बिडी वळणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी वर्षभर भिंतीवरच्या कालनिर्णयात, पाणी ज्या दिवशी आले त्या चौकटीत आल्याची आणि गेल्याची वेळ लिहिली. पेन नसेल तेव्हा काजळाच्या पेन्सिलीने लिहिली. गल्लीतल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले, आणि ते कालनिर्णय खिळ्यावरून काढून सगळ्या मिळून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले. साहेब पाने उलटत राहिले, कारण वाद घालायला जागाच नव्हती. मध्यरात्रीचे पाणी संध्याकाळी यायला लागले. रोज येत नाही, ती लढाई चालू आहे. पण त्या बाईंनी तोंड झाकले नाही, अर्जावर पहिले नाव त्यांचे होते, आणि कोणाला बोटही लावले नाही. तुमच्या वार्ताहराला तेव्हा निरोप दिला होता. कोणी आले नाही.

माझी विनंती एवढीच आहे की लेखातल्या त्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल पुढच्या रविवारी खुलासा छापावा आणि त्यात रैनपाड्याचा उल्लेख असावा. लेखकाशी माझे वैर नाही. त्यांनी सिनेमांवर लिहीत राहावे, मी वाचत राहीन.

पत्राखाली माझे पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला आहे. भाच्याच्या चेहऱ्याची आधीच पुरेशी जाहिरात झाली आहे आणि घरच्यांनी विनंती केली आहे, म्हणून तेवढे नाव छापू नये.

आपला,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

ता. क. : पुरवणीच्या त्याच पानावर काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत मजकूर छापला आहे. वेलांट्या आणि मात्रा दिसत नाहीत. अर्धा लेख मला नातीकडून वाचून घ्यावा लागला. याबद्दल मागेही लिहिले होते. वर्गणी आम्ही पूर्ण अंकाची भरतो.