चंद्र पाहायला अष्टमीला या

महोदय,

हौशी मंडळी पदरमोड करून लोकांसाठी वेधशाळा चालवतात, आणि आपण चंद्र पाहायला नेमकी पौर्णिमा गाठतो! त्या रात्री चंद्रावर ऊन समोरून पडते, सावल्या जवळपास नसतात, विवरे सपाट दिसतात. शुक्ल अष्टमीच्या आसपास जावे; उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा अशा उठून दिसतात की हात लावावासा वाटतो. मोबाइल मात्र खिशात. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात; एक स्क्रीन उजळली की सगळे मुसळ केरात, वर रांगेतल्यांचे शिव्याशाप.

दिवसा सूर्य दाखवतात तेव्हा लोक उगाच कचरतात. दुर्बिणीच्या तोंडावर, म्हणजे पुढच्या बाजूला, चांगला सौर फिल्टर घट्ट बसवलेला असला की धोका नाही. डोळा लावतो तिथे बसवायच्या जुन्या काळ्या काचा उष्णतेने तडकतात, त्या नकोतच. सूर्यावरचे डाग भोवतालपेक्षा थंड म्हणून काळे दिसतात. त्यांतले कित्येक आपल्या पृथ्वीहून मोठे असतात.

आपल्या दैनिकाने दिनविशेषाशेजारी अशा आकाशदर्शनाच्या तारखाही छापाव्यात, ही विनंती.

– एक वाचक