बंड्या, काकांचं पेन बघितलं

प्रिय बंड्या,

ताई परवा संध्याकाळी पेन देऊन गेली. वाड्याची आवराआवर चालूच आहे म्हणाली, बिल्डरनं महिनाअखेरपर्यंत खोल्या मोकळ्या करून मागितल्यात आणि काकांचं एक कपाट उघडलं की दुसरं भरलेलं निघतंय. चहाला पण थांबली नाही. पेन एका जुन्या हातरुमालात गुंडाळलेलं होतं, डबी नाही, कागद नाही, काही नाही.

काकांचं हे पार्कर पेन बुडालेल्या खजिन्याच्या चांदीचं आहे का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. ते खजिन्याचं पेन नाहीये रे. तू वाचलंस ते अगदी खरं आहे, १७१५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ वादळात स्पॅनिश जहाजांचा ताफा बुडाला, अडीचशे वर्षांनी त्यातली चांदी वर आली आणि ती घेऊन पार्करनं १९६५ मध्ये ४,८२१ पेनं बनवली, पार्कर ७५ याच मॉडेलची. साधं ७५ तेव्हा २५ डॉलरला होतं आणि हे ७५ डॉलरला. लिमिटेड एडिशन पेनांची गोष्ट बरेच जण तिथूनच सुरू करतात. पण त्या पेनावर १७१५च्या ताफ्याचा उल्लेख कोरलेला असतो, आणि मी सराफाचं दहापट भिंग लावून टोपणाची कड दोनदा फिरवून बघितली, खिडकीत एकदा आणि ट्यूबलाईटखाली एकदा, काकांच्या पेनावर फक्त पार्कर, स्टर्लिंग आणि अमेरिकेत बनवल्याचं लिहिलंय. म्हणजे चांदी खरी, निब १४ कॅरेट सोन्याची, पेन अस्सल, पण नेहमीच्या उत्पादनातलं. अशी पेनं पार्करनं वर्षानुवर्षं बनवली. विकलंस तर पैसे येतील, पण तुझ्या डोक्यात जो आकडा आहे तो नाही.

आता थोडं बसून ऐक, कारण यातलं महत्त्वाचं मला काल रात्री कळलं आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

तू गेल्या वेळी विचारलं होतंस की लाखालाखाची पेनं लोक का घेतात, आणि माझ्यासारखा पगारदार माणूस सहा-सहा वर्षं पैसे साठवून एक पेन का घेतो. तेव्हा मी काहीतरी उत्तर दिलं होतं, त्यावर मीच समाधानी नव्हतो. नंतर बराच विचार केला. बघ, मर्यादित म्हणजे किती आणि का, हे मी हल्ली आधी विचारतो. मोंब्लां या पेनांच्या कंपनीनं १९९२ मध्ये कलावंतांना आश्रय देणाऱ्या इटलीतल्या लोरेंझो द मेदिचीच्या नावाचं पेन काढलं, नग ४,८१०, कारण मोंब्लां डोंगराची उंची ४,८१० मीटर. पेन सुंदर आहे, त्यावरचं चांदीचं काम हातात घेऊन बघण्यासारखं आहे, पण तो आकडा ऑफिसात बसून ठरवलेला आहे, उद्या पाच हजार करायचे म्हटले असते तर पाच हजार झाले असते. समुद्रातून आलेल्या चांदीचं तसं नाही, ती जेवढी तेवढीच.

तिसरी मर्यादा हाताची. जपानमधल्या नामिकी कंपनीची माकी-ए, म्हणजे सोन्याच्या पुडीनं नक्षी केलेली, पेनं असतात, त्यातलं एक मला एका ओळखीच्यांकडे तासभर हातात मिळालं होतं. आधी लाखेसारख्या उरुशी नावाच्या चिकाचे थर चढवायचे, तो ओला असतानाच त्यावर बारीक नळीतून सोन्याची पूड शिंपडायची, परत थर, मग कोळशानं घासून सोनं वर आणायचं. आणि गंमत ऐक, हा चीक कोरड्या हवेत वाळत नाही, त्याला दमट हवा लागते, म्हणून ती माणसं पेनं ओलाव्याच्या कपाटात ठेवतात. आपल्याकडे आषाढात पापड सादळतो त्या हवेत ते पक्कं होतं! भिंगातून बघितलं तर सोन्याचा एकेक कण सुटा दिसत होता, पाण्याच्या लाटेच्या कडेला दाट आणि आत जाताना विरळ होत गेलेला. खाली करणाऱ्याची सही. अशी पेनं वर्षाला थोडीच होतात कारण करणारी माणसंच थोडी आहेत. त्या किमतीबद्दल मला कधीच तक्रार वाटली नाही, मला ते परवडणार नाही ही वेगळी गोष्ट.

आणि जिथं आकडा वर येतो आणि माणूस बाजूला पडतो तिथं मला खरंच त्रास होतो. मोंब्लांनंच २००९ मध्ये काढलेलं गांधीजींच्या नावाचं पेन आठवतंय का? २४१ नग, दांडीयात्रा २४१ मैलांची म्हणून, किंमत अकरा लाखाच्या वर, सोन्याच्या निबवर काठी घेतलेले गांधीजी. केरळ हायकोर्टात प्रकरण गेलं आणि २०१० मध्ये विक्री थांबली. आता याच्या शेजारी दुसरं पेन ठेव. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशी पेन बनवायचं म्हणून १९३२च्या सुमारास कामाला सुरुवात केली, लेथवर एबोनाईटचं, म्हणजे कडक रबराचं, पेन वळवलं, ते गांधीजींपर्यंत पोचलं, गांधीजींनी ते वापरलं आणि १९३५ मध्ये पत्र लिहून आभार मानले. माझ्याकडे रत्नमचं एक पेन आहे, ड्रॉपरनं शाई भरायची, काळं, साधं. त्यावर नंबर वगैरे काही नाही. खंडेनवमीला मी पाटावर सगळी पेनं मांडतो तेव्हा ते पहिलं ठेवतो.

माझी एकूण सतरा आहेत, त्यातली पाच नंबरवाली, म्हणजे लिमिटेड एडिशनची. सगळ्यात जीव ज्यात अडकलाय ते ओमासचं. इटलीत बोलोन्याला १९२५ पासून होती ही कंपनी, २०१६ मध्ये बंद पडली. बारा कोनांचं, सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकचं, उन्हात धरलं की आतले पट्टे मधासारखे चमकतात. हे सेल्युलॉइड लगेच वळवता येत नाही, कांड्या बराच काळ नुसत्या वाळत ठेवाव्या लागतात नाहीतर पेन नंतर आकसतं. आणि टोपण काढलं की कापराचा वास येतो, खरोखरचा कापूर, कारण तो त्यात घातलेलाच असतो. पहिल्यांदा उघडलं तेव्हा आई आतून म्हणाली, आरती कोण करतंय रे आत्ता. त्या पेनासाठी सहा वर्षं थांबलो, त्यावर कस्टम ड्युटी भरली, हिनं एका शब्दानं विचारलं नाही, आणि ज्या दिवशी आलं त्याच दिवशी मी त्यात शाई भरली. पेनवाल्या ग्रुपमधले दोघं हळहळले, न वापरलेलं ठेवलं असतंस तर किंमत राहिली असती म्हणाले. पण बंड्या, मी लिहिण्यासाठी घेतलं होतं रे. निब कागदावर टेकवायचीच नाही असं पेन मला नाही सांभाळता येत.

फसलोय पण एकदा, ते पण सांगतो म्हणजे विकायच्या फंदात पडलास तर उपयोग होईल. एका विक्रेत्याकडून नंबरवालं पेन घेतलं, सर्टिफिकेटवरचा नंबर आणि पेनावरचा नंबर जुळत होता, फोटो झकास, मी खूश. घरी आल्यावर निब बाहेर काढली तर स्टीलची, वर सोन्याचा मुलामा, मूळची सोन्याची कुणीतरी काढून घेतलेली. विक्रेत्यानं फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून नंबर सगळ्यात शेवटी बघतो, आधी निब, मग निबखालची शाई पुरवणारी जीभ, मग टोपणाच्या आतली बाजू.

आणि एक चूक माझ्याच हातून झाली होती, ती तुझ्या पेनाला पण लागू आहे. एबोनाईट म्हणजे रबर आणि गंधक. माझं चांदीचं एक पेन मी एबोनाईटच्या पेनांबरोबर एकाच बंद पेटीत ठेवलं होतं, वर्षभरानं उघडलं तर चांदी काळीठिक्कर, गंधकानं केलेलं. त्याच वेळी एक काळं एबोनाईट मी हौसेनं खिडकीजवळच्या शोकेसमध्ये ठेवलं होतं, ते उन्हानं शेवाळी तपकिरी झालं, ते आता परत काळं होणार नाही. म्हणून तुझं पेन एबोनाईटपासून लांब, सुती कापडात, अंधारात. आणि ताईला सांगून ठेव, रांगोळीनं घासायचं नाही, टूथपेस्ट तर अजिबात नाही. त्या चांदीवर चौकडीची जाळी कोरलेली आहे ना, तिच्या खाचांतला काळेपणा राहू द्यायचा असतो, त्यानंच जाळी उठून दिसते. काकांची बोटं जिथं लागायची तिथं जाळी थोडी गुळगुळीत झालीय, ते पण तसंच राहू दे.

तर आता कालचं.

पेनात शाई वाळून दगड झाली होती. गरम पाणी कधी वापरायचं नसतं, म्हणून वाटीत साधं पाणी घेऊन पुढचा भाग नुसता बुडवून ठेवला. दोन तास काही नाही. मग निबच्या चिरेतून एक निळी रेघ निघाली, बारीक धाग्यासारखी, सरळ खाली गेली आणि वाटीच्या तळाशी पसरली. मी बघतच बसलो. काकांनी शेवटची भरलेली शाई ती. तीनदा पाणी बदललं, शेवटी निब टीपकागदावर टेकवून ठेवली, त्यावर निळ्याभोर रंगाचा ठिपका आलाय, कडेनं फिका होत गेलेला. तो कागद ठेवलाय तुझ्यासाठी.

मग नवी शाई भरली आणि लिहायला गेलो तर खरखरायला लागलं. एका बाजूनं कागद ओरखडतंय, मधेच रेघ तुटतेय. निबची टोकं वरखाली झाली असतील म्हणून भिंग घेतलं तर टोकं एकदम सरळ. आणि तेव्हा माझं लक्ष कड्याकडे गेलं. पार्कर ७५ची खासियतच ही आहे, बोटं धरायची जागा तिकोनी आहे, बोटं तिथंच बसतात, आणि निब फिरवता येते, ज्याचा हात जसा तिरका तशी लावून घ्यायची. तिथं एक कडं असतं, त्यावर बारीक रेघा आणि मध्ये शून्य. काकांची निब शून्यावर नाहीये. चांगली बाजूला वळवलेली आहे.

काका डावरे होते, बंड्या.

मी विसरलोच होतो रे. आपण चौथीत असताना ते आपली गणितं तपासायला बसायचे तेव्हा वही कशी आडवी करून घ्यायचे, आणि त्यांच्या करंगळीच्या खालचा भाग कायम निळा असायचा, ओल्या शाईवरून हात फिरायचा म्हणून. काकू जेवायला वाढताना म्हणायच्या आधी हात धुवा. त्यांच्या लहानपणी शाळेत डाव्या हातावर छड्या बसल्या होत्या, ते तुम्हाला सांगायचे ते मी पण ऐकलेलं आहे, तरी त्यांनी हात बदलला नाही. आणि मला आता वाटतंय की अमेरिकेतल्या तुझ्या मोठ्या काकांनी एवढ्या पेनांतून काकांना हेच का पाठवलं असेल. भावाचा हात त्यांना माहीत होता. दुकानात कुणीतरी त्यांना निब फिरवून दाखवली असणार.

मी पेन डाव्या हातात घेतलं. मला डाव्या हातानं लिहिता येत नाही, वही काकांसारखी आडवी केली आणि लहान मुलासारखं एकेक अक्षर काढत श्री लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं पण खरखर बंद झाली. शाई एकसारखी, ओली, कुठं तुटली नाही. मग तसंच तुझं नाव लिहिलं, मग काकांचं. पान भरेपर्यंत लिहीत होतो, हिनं दोनदा हाक मारली तरी कळलं नाही.

निब मी फिरवलेली नाही. धुताना पण बाहेर काढली नाही, म्हणूनच एवढा वेळ लागला. कुणाकडे दुरुस्तीला दिलंस तर आधी हे सांग, कारण कुठलाही चांगला कारागीर सवयीनं निब पहिल्यांदा शून्यावर आणून ठेवेल. विकायला काढलंस तर घेणारा पण तेच करेल. विकायचं की नाही ते तू आणि ताई ठरवा, घर बदलायला पैसे लागतात हे मला कळतं, आणि नुसत्या चांदीच्या पार्करला योग्य भाव देणारे दोन सज्जन लोक मला माहीत आहेत, मी स्वतः बोलेन. पण त्याआधी एकदा ये. तुझी धाकटी डावरी आहे ना? तिला बरोबर आण. मागच्या दिवाळीत ती आमच्याकडे रांगोळीत रंग भरत होती तेव्हा मी बघितलं होतं, तिचा हात पण असाच आतल्या बाजूला वळतो.

शाई काढून, धुऊन, कोरडं करून ठेवलंय. माझ्या कपाटात वरच्या खणात, एबोनाईटवाली सगळी मी खालच्या खणात हलवली. आलात की अप्पा बळवंत चौकात जाऊन तिच्यासाठी चांगल्या कागदाची वही घेऊ, साध्या वहीवर शाई फुटते. आणि ताईला म्हणावं काकांच्या हिशेबाच्या डायऱ्या रद्दीत टाकू नकोस, मला त्यातली एक बघायचीय, या निबची रेघ त्यांच्या हातात कशी यायची ते.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
नाना