नागपूरच्या महाल भागातल्या रेडिओवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

तुम्ही दुरुस्त केलेला मामांचा गिटारचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) काल रात्री सलग दोन तास वाजवला. मधेच गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणून स्पीकरला कान लावला. बारीकशी सळसळ, बाकी काही नाही. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला पत्र लिहायचं, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. समोर आलं की तुम्ही ‘राहू दे ना बाप्पा’ म्हणून विषयच मोडता.

ॲम्पमधून सारखं हमिंग, म्हणजे एकसुरी घुमणारा आवाज, आणि तडतड यायची. तुमच्याकडे येण्याआधी दोन दुकानं झाली होती. एकानं सगळे व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या, बदलायला सांगितले. दुसरा म्हणाला, आतलं काढून टाका, ट्रान्झिस्टरचा बोर्ड बसवून देतो. मामांनी १९७९ साली अमेरिकेहून आणलेला ॲम्प तो. ते गेल्यावर माझ्याकडे आला. त्याच्या पोटातून सगळं काढून टाकायचं, हे ऐकूनच मला कसंतरी झालं होतं.

तुम्ही मात्र पेचकसाला हातही लावला नाही. ओसरीवर ॲम्प चालू करून डोळे मिटून बसलात. मी घाई करायला लागलो तर म्हणालात, “पहिले ऐक त. हा सूर कोणता, गिटारवर शोधून दाखव.” मी शोधत गेलो. सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर तो सापडला, पण पुरता जुळेना. सेकंदाला दोनेक हेलकावे येत होते. तो पडदा ९८ हर्ट्झचा आणि ॲम्पचं हमिंग १०० हर्ट्झचं. आपली वीज ५० हर्ट्झची, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर तिच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, म्हणून १००. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिकडचे लेख वाचून मी १२० धरून बसलो होतो!

मग पॉवर व्हॉल्व्हच्या अलीकडचा छोटा व्हॉल्व्ह तुम्ही मला काढायला लावलात. हमिंग तसंच. म्हणजे गिटारकडून येणारा सगळा भाग निर्दोष, पॉवर सप्लायचे, वीज साठवून ठेवणारे कंडेन्सर वाळलेले. चाळीसेक वर्षांत वाळणारच.

ते बदलण्याआधी तुम्ही जे शिकवलंत, त्यासाठी हे पत्र आहे म्हटलं तरी चालेल. प्लग काढला म्हणजे ॲम्प मेला असं मी समजत होतो. तुम्ही मीटर लावून दाखवलंत: प्लग भिंतीपासून हातभर लांब आणि काटा ४०० व्होल्टच्या आसपास. रेझिस्टन्स लावून तो हळूहळू उतरवला, काटा शून्याला टेकेपर्यंत मला आत बोट घालू दिलं नाही. “डावा हात मागं ठेव,” हे तुम्ही त्या दिवशी किती वेळा म्हणालात! दोन्ही हात आत असले तर करंट छातीतून जातो. माझ्या आईनंही तुमचे आभार मानायला सांगितलंय, ते याचसाठी.

हमिंग गेलं आणि तडतड उरली, कढईत मोहरी टाकल्यासारखी. पहिला व्हॉल्व्ह काढला की बंद. मी १२एएक्स७ म्हणायचो, तुम्ही ईसीसी८३, वस्तू एकच. तुमच्या डब्यातला दुसरा लावला तरी तडतड परत आली, म्हणजे व्हॉल्व्ह चांगला. तुम्ही वाळलेली बांबूची काडी घेतलीत आणि एकेका पार्टाला हलकेच टोचत गेलात. त्या व्हॉल्व्हच्या प्लेटच्या १०० किलोओमच्या रेझिस्टन्सला काडी लागली आणि स्पीकर कडाडला. जुना कार्बनचा, वर्षानुवर्षं दमट हवा प्यायलेला. त्याजागी मेटल फिल्मचा लावला आणि तडतड थांबली. एका रेझिस्टन्सवर भागलं, काका, आणि मी अख्खा ॲम्प उकरायला निघालो होतो.

घरी आणल्यावर अधूनमधून एक भुणभुण यायची, ती कूलरच्या रेग्युलेटरची निघाली. तुमच्यासारखंच केलं, आधी ऐकलं, मग एकेक बटण बंद करत गेलो.

पैसे तुम्ही फक्त कंडेन्सरचे घेतलेत. तीन दुपारींचे घेतले नाहीत.

तुम्ही त्या ॲम्पची दुखणी तेवढी ऐकलीत, त्याचं वाजणं अजून ऐकलेलं नाही. रविवारी संध्याकाळी घेऊन येतो. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर मी आणीन, ओसरीवरचा थ्री-पिन सॉकेट तेवढा मोकळा ठेवा.

तुमचा,
मानेवाड्याचा गिटारवाला