घरात कॅमेरे लावायचे नाहीत, असं मी दादाला सांगितलंय

ठाणे

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

शनिवारी कॅमेरे बसवायला मुलगा येणार होता, तो येणार नाही. मीच त्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. दादाशीही बोलले. तो जरा नाराज झाला, पण शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्याने. कपाटावरचं खोकं तसंच राहू द्या, मी आले की घेऊन जाईन. तुम्ही स्टुलावर चढून काढायला जाऊ नका.

फोनवर सांगता आलं असतं. पण बाबा फोनवर "बरं बरं, तुम्ही म्हणाल तसं" म्हणतात आणि लगेच आईकडे फोन देतात. या बाबतीत मला तसं नकोय, म्हणून लिहिते आहे. चष्मा लावून, उजेडात बसून वाचा.

आधी एक सांगते, दादावर रागावू नका. तुमच्या काळजीने त्याची झोप उडाली आहे. तिकडे परदेशात मध्यरात्र झाली तरी तो उठून फोन बघतो, तुमचा मेसेज नसला की वहिनीला उठवतो. एवढ्या लांब बसलेल्या माणसाच्या हातात दुसरं काय असतं? त्याला वाटलं, हॉलमध्ये, स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत एकेक कॅमेरा बसवला की आई-बाबा डोळ्यांसमोर राहतील. यात त्याची माया आहे, तुमच्यावरचा अविश्वास नाही. मलाही पहिले काही दिवस ते पटलं होतं. मग मी विचार करत गेले आणि मला ते पटेनासं झालं.

बाबा, तुमच्याकडूनच सुरुवात करते. आजोबा आणि तुम्ही मिळून दोन पिढ्या नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये काढल्यात. १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जातात, त्यामुळे गेटवर झडती ही रोजचीच. डबा उघडून दाखवायचा, खिसे दाखवायचे. तुम्ही कधी त्याची तक्रार केली नाहीत. मी लहानपणी विचारलं होतं, "तुम्हाला राग नाही येत?" तुम्ही म्हणालात, "तिथे देशाचा पैसा आहे, तिथे झडती हवीच." पण निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात तसाच ठेवून घरी आलात आणि पिशवी ओट्यावर ठेवत म्हणालात, "उद्यापासून ही पिशवी फक्त तुझ्या आईने उघडायची." ते वाक्य मी विसरलेले नाही. झडती कुठे हवी आणि कुठे नको, हे मला तुमच्याकडूनच कळलं आहे.

म्हणूनच मी सगळ्याच कॅमेऱ्यांच्या विरोधात नाही. सिंहस्थाला रामकुंडावर, घाटांवर, गर्दीच्या रस्त्यांवर कॅमेरे असलेच पाहिजेत. २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. त्या दिवशी आपल्याकडे उतरलेल्या मावशीआजी अंधार पडेपर्यंत परतल्या नव्हत्या आणि आईने देव पाण्यात ठेवले होते, ते मला अजून आठवतं. अशा ठिकाणी गर्दी कुठे तुंबते आहे हे वरून कुणाला तरी दिसत असेल, तर माणसं वाचतील. तो सगळ्यांचा रस्ता आहे. आपलं स्वयंपाकघर सगळ्यांचं नाही.

आई, तू म्हणशील, "आमच्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?" काहीच नाही गं. पण दुपारी मागचं आवरून झालं की तू केस मोकळे सोडून पंख्याखाली पाय पसरून बसतेस. आजीच्या फोटोशी दोन शब्द बोलतेस. गुडघा दुखला की मोठ्याने कण्हतेस, आम्ही असलो की मात्र दाताखाली दाबतेस. यातलं चोरून करण्यासारखं काहीच नाही, पण समोर भिंतीवर ते लुकलुकणारं काही असेल तर तू हे करणार नाहीस. पदर सारखा करून सरळ बसशील. आपल्याच घरात दिवसभर पाहुण्यासारखी वावरशील. या वयात तुझ्या वाट्याला ते यावं, हे मला सहन होत नाही.

आणि तो फोन. त्याचं नाव काढलं की तू विषय बदलतेस, म्हणून इथे लिहिते. खोटे पोलिस बनून फोन करणारी ही माणसं सगळीकडे सारखंच सांगतात: व्हिडिओ बंद करायचा नाही, समोरून उठायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. डिजिटल अरेस्ट असं काही आपल्या कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही तेच सांगितलं होतं. बाबा मुक्तिधाम मंदिरातून परत येईपर्यंत तू त्या पडद्यासमोर बसून राहिलीस. पैसे गेले नाहीत, पण पुढे कितीतरी दिवस तू मोबाइल पालथा घालून ठेवायचीस. तुझं त्यात काहीही चुकलेलं नाही. शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसं तशीच बसून राहिली आहेत. पण कॅमेऱ्यासमोर बसवून ज्या बाईला घाबरवलं, तिच्याच डोक्यावर तिच्या मुलांनी कॅमेरा लावायचा? दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. त्याला वाटत होतं, तू ते कधीच विसरलीस.

माझ्या ऑफिसात एकजण आहे, तिने आईच्या घरी असे कॅमेरे लावले आहेत. मीटिंग चालू असताना ती टेबलाखाली फोन धरून बघते. आई उठली, आईने दूध तापवलं, आई खिडकीत उभी आहे. तिचा जीव आहे आईवर, यात शंका नाही. पण संध्याकाळी फोन केला की ती म्हणते, "आज दुपारची गोळी घेतली नाहीस." आई म्हणते, "हो." संपलं. आईजवळ सांगायला काही उरतच नाही, कारण मुलीला सगळं आधीच दिसलेलं असतं. हे ऐकलं आणि मला भीती वाटली. तुम्ही दिसत राहिलात की मी विचारणं सोडून देईन. तुम्हाला बघितलं, आता यायची घाई नाही, असं मनाचं समाधान करून घेईन. आजच्या जगात हे फार सोपं झालंय. मशीन आणून देता येतं, हप्ता भरता येतो, आणि कर्तव्य केल्यासारखं वाटतं. तुमच्या म्हातारपणाची सोय मला तशी लावायची नाही.

मावशींचाही विचार केला. इतकी वर्षं त्या आपल्याकडे भांडी घासतात, आईच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री थांबल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं का, की तुमचं दिवसभराचं चित्र परदेशात दिसलं तर चालेल का? समोरच्या काकू आईजवळ येऊन रडतात, त्याचं काय? घरात येणाऱ्या प्रत्येकाला हे आपण न विचारता करणार होतो. शिवाय ती चित्रं फक्त दादाच्या फोनवर राहत नाहीत, इंटरनेटवरून कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं बायकांच्या तपासणीचं चित्रण बाहेर गेलं आणि विकलं गेलं. लावणाऱ्यांनी तेही सुरक्षेसाठीच लावलं असणार.

बाबा, तुम्ही पेपर काटेकोर वाचता, म्हणून तुम्हाला हे आठवेल. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की माणसाचं खासगी आयुष्य हा त्याचा मूलभूत हक्क आहे. ज्यांच्या अर्जावरून हे सुरू झालं ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक हायकोर्टातून निवृत्त झालेले. २०१२ मध्ये आधारच्या विरोधात ते कोर्टात गेले, तेव्हा ऐंशी ओलांडून बरीच वर्षं झाली होती. एका वृद्ध माणसाने आम्हा सगळ्यांसाठी हे मिळवून दिलं. मग आम्हीच घरातल्या वडीलधाऱ्यांना म्हणायचं का, की आता वय झालं, आता तुम्हाला त्याची काय गरज?

मी अकरावीत असताना माझ्या कप्प्याला कुलूप नव्हतं. होस्टेलला गेल्यावर माझ्या नावाने पत्रं यायची, ती आई देवघराच्या फळीवर न उघडता ठेवायची. आत काय असेल याची तुला काळजी नव्हती असं नाही गं आई, मला ठाऊक आहे. तरी उघडली नाहीस. तुमच्या त्या विश्वासामुळे मी घरी येऊन सगळं आपणहून सांगायचे. तेच मला आता तुम्हाला द्यायचं आहे.

आता काळजीचं. दादाचा मुख्य मुद्दा होता, कुणी पडलं तर कळणार कसं? पण बाबा, पाय घसरतो तो बाथरूममध्ये, आणि तिथे कॅमेरा कुणीच लावणार नव्हतं. शिवाय पडलेलं माणूस कॅमेऱ्यात दिसेल तेव्हा दादा झोपलेला असेल किंवा मी लोकलमध्ये. म्हणून पडूच नये यासाठी काही गोष्टी ठरवल्या आहेत. यात मात्र वाद नको.

रविवारी प्लंबर येईल. कमोडशेजारी आणि नळाजवळ स्टीलच्या दांड्या बसवायच्या आहेत, पैसे मी दिले आहेत, त्याला फक्त चहा द्या. बाथरूमची आतली कडी काढून बाहेरूनही उघडेल अशी बसवायला सांगितलं आहे. आई, संकोच करू नकोस, दाराला पाटी अडकवू. खोलीपासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा दिवा राहील, तो "वीज जळते" म्हणून बंद करायचा नाही. बाबा, बीपीच्या गोळीमुळे एकदम उठलं की चक्कर येते, डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं आहे. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. आणि ती झिजलेली स्लीपर आजच्या आज टाका. नवी जोडी पाठवली आहे, तुमच्याच मापाची.

गळ्यात घालायचं एक बटण येईल. दाबलं की मला, काकूंना आणि दादाला फोन लागतो. ते तुम्ही दाबाल तेव्हाच बोलतं, एरवी गप्प असतं, म्हणून मला पटलं. आंघोळीलाही काढायचं नाही. एक किल्ली काकूंकडे ठेवा. त्यांना मी विचारलं आहे, त्या आनंदाने हो म्हणाल्या. अँब्युलन्सचा १०८ आणि फसवणुकीचा १९३० हे दोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. बाबा, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा.

आणखी एक. आता आवाजाचीही हुबेहूब नक्कल करता येते. उद्या माझ्याच आवाजात कुणी रडत पैसे मागेल. तेव्हा विचारायचं, लहानपणी आपल्या अंगणात येणाऱ्या मांजरीचं नाव काय? उत्तर आलं नाही की फोन ठेवून द्यायचा. उत्तर मी इथे लिहीत नाही.

मोबाइल टाकून द्या असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको. पूर्वी नोव्हेंबरमध्ये बाबा हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत तासन्तास उभे राहायचे, आता घरात बसून फोनला चेहरा दाखवला की होतं. या वर्षीही मी आले की करू, एकट्याने कुठल्या लिंकवर करू नका. रात्री नातवाशी बोलताना आईचा चेहरा कसा फुलतो ते मी पाहिलं आहे. तिथे फोन तू उचलतेस, तू ठेवतेस. एवढंच मला हवंय.

आता माझं. दर महिन्याचा शेवटचा आठवडा मी नाशकातून काम करणार आहे. ऑफिसने परवानगी दिली आहे, घरीही बोलून झालंय, कुणाची अडचण होत नाही, मुलांच्या डब्याची सोय लागली आहे. "आमच्यामुळे तुझी ओढाताण" हे वाक्य मला ऐकायचं नाही. बाबांचं टेबल मला द्या, इंटरनेट मी बघते. आई, माझ्यासाठी वेगळं काही करत बसू नकोस. तुझी बाजरीची भाकरी आणि ठेचा पुरे, आणि तोही बाबांच्या ताटात वाढू नकोस. बाबा, गुळाचा डबा कुठे आहे ते मला माहीत आहे. मी दादाला सांगत नाही, पण जेवणानंतर एकच खडा.

एक गोष्ट मी ठरवलेली नाही. दाराबाहेर, जिन्याकडे तोंड असलेला एक कॅमेरा लावावा का? बेल वाजली की कोण आहे ते आतून दिसेल, आणि त्या पडद्यावर फक्त तुम्ही बघाल, आम्ही नाही. मला तो बरा वाटतो. पण दार तुमचं आहे. दोघं बोलून घ्या, मावशींना आणि काकूंनाही विचारा. नको वाटलं तर मोकळेपणाने नको म्हणा, दादाची समजूत मी घालेन.

शुक्रवारी संध्याकाळच्या पंचवटीने निघते. बाबा, स्टेशनवर यायचं नाही. जेलरोडला जायला रिक्षा मिळते. गाडीला उशीर झाला तर तुम्ही दोघं जेवून घ्या, माझी वाट बघत उपाशी बसू नका.

तुमची,
मनी